रखमाबाई खटला

रखमाबाई खटला : बालपणी वडीलधाऱ्यांनी लावून दिलेल्या विवाहाच्या आधारे वयात आलेल्या स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध पतीच्या घरी नांदावयास लावता येते काय, ह्या प्रश्नावर १८८४ ते १८८८ ह्या काळात मुंबई उच्च न्यायालयात चाललेला प्रसिद्ध दिवाणी दावा. विधि-अहवालांत तो ‘दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई’ ह्या नावाने नोंदला गेला आहे. वादी दादाजी भिकाजी हा पती व प्रतिवादी रखमाबाई ही पत्नी होती. विवाहासाठी स्त्रीची स्वतःची संमती आवश्यक आहे काय आणि ती नसताना झालेला विवाह न्यायालयाने तिच्यावर बळाने लादावा काय, हे दोन प्रश्न ह्या खटल्यामुळे भारतात प्रथमच न्यायासनापुढे इतक्या उघडपणे मांडले गेले. सक्तीच्या विवाहाचा अनुभव प्रत्यक्ष भोगणाऱ्या स्त्रीने तो स्वतःच्या शब्दांत वृत्तपत्रांतून जाहीरपणे सांगितल्यामुळेही ह्या खटल्याला सामाजिक इतिहासात वेगळे स्थान आहे.

सक्तीच्या विवाहाचे स्वरूप : वधू किंवा वर ह्यांपैकी एकाची अथवा दोघांची मुक्त व पूर्ण संमती नसताना लावल्या जाणाऱ्या विवाहास सक्तीचा विवाह म्हणतात. वडीलधाऱ्यांनी स्थळ ठरविणे आणि सक्ती करणे ह्या दोन भिन्न गोष्टी होत. ठरवून केलेल्या विवाहात नकार देण्याची मोकळीक असते. सक्तीच्या विवाहात ती नसते, किंवा नकाराची किंमत एवढी मोठी असते की नकार देणे अशक्यप्राय होते. सक्ती म्हणजे मारहाण किंवा कोंडून ठेवणे एवढेच नव्हे. शिक्षण बंद करणे, घराण्याच्या अब्रूचा धाक घालणे, आईच्या जिवाची शपथ घालणे, बोलणे टाकणे, अन्नवस्त्र व मालमत्ता ह्यांवरील ताबा रोखून धरणे, जातीबाहेर टाकण्याची भीती दाखविणे हीही सक्तीचीच साधने आहेत. ती वापरणारी माणसे बहुधा त्या मुलीची जवळचीच असतात. त्यामुळे विरोध करताना तिला कायद्याशी झगडण्याआधी आपल्याच माणसांच्या मायेशी झगडावे लागते. बालविवाहात तर संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण ज्या वयात विवाह लागतो त्या वयात संमती देण्याची समजच आलेली नसते [→ बालविवाह]. रखमाबाईंचा विवाह ह्या शेवटच्या प्रकारातील होता.

पूर्ववृत्त : रखमाबाईंचा जन्म मुंबईत २२ नोव्हेंबर १८६४ रोजी जनार्दन पांडुरंग व जयंतीबाई ह्या दांपत्याच्या पोटी झाला. जातीने हे कुटुंब सुतार होते. त्यांच्या जन्माच्या वेळी आईचे वय अवघे पंधरा वर्षांचे होते आणि सतराव्या वर्षी ती विधवा झाली. पतीकडून आलेली मालमत्ता जयंतीबाईंनी आपल्या एकुलत्या एका मुलीच्या नावे केली. त्यांच्या जातीत विधवांच्या पुनर्विवाहास मोकळीक असल्याने पुढे काही वर्षांनी जयंतीबाईंचा विवाह मुंबईतील नामांकित डॉक्टर सखाराम अर्जुन ह्यांच्याशी झाला. सखाराम अर्जुन हे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या ‘बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या आद्य सभासदांतही त्यांची गणना होते. ते सुधारणावादी विचारांचे होते. असे असूनही रखमाबाईंचा विवाह अकराव्या वर्षी, १८७६ मध्ये, सखाराम अर्जुन ह्यांच्याच नात्यातील दादाजी भिकाजी ह्या एकोणीस वर्षांच्या तरुणाशी लावण्यात आला. घरात सुधारणेचे वारे असले, तरी मुलीच्या लग्नाच्या बाबतीत रूढीपुढे कोणाचे काही चालत नसे, ही वस्तुस्थिती ह्यावरून ध्यानात येते.

दादाजींनी घरजावई म्हणून सासुरवाडीस राहावे, तेथे त्यांच्या खाण्यापिण्याची व शिक्षणाची सोय व्हावी आणि त्यांनी शिकून स्वतःच्या पायांवर उभे राहावे, अशी बोलणी विवाहसमयी झाली होती. प्रत्यक्षात तसे घडले नाही. काही महिन्यांतच दादाजींच्या आईचा मृत्यू झाला. दादाजींचे शिक्षणात मन रमेना. ते मामाच्या घरी राहावयास गेले आणि पुढे कर्जबाजारी झाले. इकडे रखमाबाई ऋतुमती झाल्यावर गर्भाधानविधीची निकड सुरू झाली. परंतु इतक्या लहान वयात शरीरसंबंध अपायकारक आहे, हे डॉक्टर ह्या नात्याने जाणणाऱ्या सखाराम अर्जुन ह्यांनी त्यास मान्यता दिली नाही. बाराव्या वर्षी पतीकडे पाठविण्याची बोलणी निघाली तेव्हा रखमाबाईंनी स्वतःच नकार दिला आणि सावत्र वडिलांनी त्यांची बाजू उचलून धरली. त्यामुळे विवाह लागूनही पतिपत्नी एकदाही एकत्र राहिली नाहीत.

लग्नानंतर रखमाबाईंचे शाळेत जाणे थांबले होते. पुढील शिक्षण त्यांनी घरीच, मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणवून व परिचित युरोपीय स्त्रियांकडून इंग्रजी शिकून, पुरे केले. आर्य महिला समाजाच्या कार्यातही त्या भाग घेऊ लागल्या. अशा रीतीने दादाजी व रखमाबाई ह्यांच्यातील अंतर वर्षागणिक वाढत गेले. मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलामार्फत नोटीस पाठवून पत्नीस आपल्या घरी पाठविण्याची मागणी केली. दादाजी पोसण्यास असमर्थ आहेत, त्यांची प्रकृती रोगट आहे आणि ते ज्या मामाच्या घरी राहतात तेथील वातावरणात राहणे शक्य नाही, अशी कारणे देऊन रखमाबाईंनी जाण्याचे नाकारले. त्याच वर्षी दादाजींनी दावा दाखल केला. रखमाबाईंच्या नावावरील मालमत्तेवर वादीचा डोळा आहे, असे रखमाबाईंच्या पक्षाचे म्हणणे होते. तर त्या मालमत्तेसाठी आजोळची माणसेच मुलीस अडवून ठेवीत आहेत, असा दादाजींचा उलट आरोप होता. रखमाबाईंना खरे काय हवे आहे, हा प्रश्न ह्या वादात बाजूस पडण्याची भीती होती. तो त्यांनी स्वतःच पुढे आणला.

‘एक हिंदू स्त्री’ : दाव्याची सुनावणी होण्यापूर्वी, १८८५ च्या जून व सप्टेंबर महिन्यांत, टाइम्स ऑफ इंडिया ह्या वृत्तपत्रात ‘एक हिंदू स्त्री’ अशा अर्थाच्या टोपणनावाने दोन दीर्घ पत्रे प्रसिद्ध झाली. पहिले बालविवाहावर व दुसरे सक्तीच्या वैधव्यावर होते. बेहरामजी मलबारी ह्यांनी ऑगस्ट १८८४ मध्ये ह्याच दोन विषयांवर टिपणे प्रसिद्ध करून देशभर चर्चा सुरू केली होती. तथापि त्या चर्चेत बोलणारे बहुतेक सर्व पुरुष होते. ही पत्रे रखमाबाईंची होती, हे पुढे उघड झाले.

ह्या पत्रांचे महत्त्व त्यांतील युक्तिवादापेक्षा त्यांत वर्णिलेल्या अनुभवात आहे. बालविवाहाने होणारी हानी रखमाबाईंनी प्रथम मनाच्या बाजूने सांगितली. ज्या वयात जिज्ञासा जागी होते, नेमक्या त्याच वयात मुलीचे शिक्षण तुटते आणि आपला काही दोष नसताना तिला एकान्तवासाची शिक्षा भोगावी लागते. आपल्या भगिनींहून थोडे अधिक जाणून घेण्याची तिची प्रत्येक धडपड संशयाने पाहिली जाते, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे होते. सासरी गेलेल्या लहान मुलीवर सासूचा अंमल कसा चालतो, पतीलाही आईपुढे बोलता कसे येत नाही आणि विशीच्या आतच अनेक मुलांची आई झालेली स्त्री कशी खंगते, ह्याचेही चित्र त्यांनी रेखाटले. पुरुषाला ह्या विवाहाचा जाच होत नाही असे नाही. पण त्याला दुसरे लग्न करता येते, घराबाहेर पडता येते आणि शिकता येते, स्त्रीला ह्यांपैकी एकही वाट मोकळी नसते, हा फरक त्यांनी नेमका दाखविला. ताराबाई शिंदे ह्यांचा स्त्री-पुरुष तुलना (१८८२) हा निबंध आणि पंडिता रमाबाईंचे द हाय-कास्ट हिंदू वुमन (१८८७) हे इंग्रजी पुस्तक ह्यांच्यासमवेत ही पत्रे एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रीय स्त्रियांच्या स्वतंत्र विचाराची साक्ष देतात. रमाबाईंच्या पुस्तकात ह्या खटल्याचा उल्लेखही आलेला आहे.

एप्रिल १८८५ मध्ये, म्हणजे दावा चालू असतानाच, सखाराम अर्जुन ह्यांचे निधन झाले आणि रखमाबाईंचा घरातील मोठा आधार गेला.

पहिला निर्णय : दाव्याची सुनावणी न्यायमूर्ती पिन्ही ह्यांच्यापुढे झाली आणि २१ सप्टेंबर १८८५ रोजी त्यांनी निर्णय दिला. रखमाबाईंच्या बाजूच्या वकिलांत काशिनाथ त्रिंबक तेलंग होते. वादीची मागणी ‘दांपत्य हक्कांच्या प्रत्यास्थापना’ची होती. ह्या दाव्याचे मूळ हिंदू धर्मशास्त्रात नसून इंग्लंडमधील ख्रिस्ती धर्मपीठांच्या न्यायालयांत होते. एकत्र राहत असलेल्या पतिपत्नींपैकी एकाने सबळ कारणावाचून दुसऱ्यास सोडल्यास त्यास परत येण्याचा आदेश ती न्यायालये देत. इंग्रज न्यायाधीशांबरोबर हा दावा भारतात आला. १८६७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने एका मुस्लिम दांपत्याच्या प्रकरणात तो भारतीय दिवाणी न्यायालयांत चालू शकतो असे मान्य केले आणि त्यानंतर तो हिंदूंनाही लावला जाऊ लागला.

पिन्ही ह्यांनी दोन मुद्द्यांवर दावा फेटाळला. एक म्हणजे, प्रत्यास्थापन म्हणजे पूर्वी अस्तित्वात असलेली स्थिती पुन्हा आणणे. दादाजी व रखमाबाई कधीच एकत्र राहिली नव्हती, तेव्हा पुन्हा स्थापावयाचे असे काही नव्हतेच. दुसरे म्हणजे, इंग्लंडमधील कायदा स्वतःच्या समजुतीने विवाह करणाऱ्या प्रौढ माणसांसाठी होता. अजाणत्या वयात, स्वतःच्या संमतीवाचून जिचा विवाह झाला, अशा तरुणीला तिच्या मनाविरुद्ध पतीच्या स्वाधीन करणे हे न्यायाला धरून होणार नाही, असे त्यांचे मत पडले. हिंदू धर्मशास्त्रातही अशा सक्तीला आधार देणारा दाखला त्यांना आढळला नाही. पत्नीने पतिगृही राहावे असा आदेश शास्त्रात असला, तरी तिने तो मोडल्यास राजाने तिला धरून आणून नांदवावे असे शास्त्र सांगत नाही, ह्या युक्तिवादाला त्यामुळे बळ मिळाले. हा निर्णय दिल्यानंतर लवकरच पिन्ही निवृत्त झाले.

अपील व फेरसुनावणी : निर्णयाने मोठी खळबळ उडाली. सुधारकांनी त्याचे स्वागत केले. उलट, परकीय न्यायाधीशाने हिंदू विवाहसंस्थेच्या मुळावरच घाव घातला, अशी टीका सनातनी वर्तुळात झाली. बाळ गंगाधर टिळकांनीही वृत्तपत्रीय लेखनातून ह्या निर्णयावर कठोर टीका केली. हिंदूंचा विवाह हा करार नसून संस्कार आहे आणि त्यात बदल करावयाचा झाल्यास तो परक्या सत्तेने करू नये, असा ह्या बाजूचा मुख्य सूर होता. गोपाळ गणेश आगरकरांसारखे विचारवंत मात्र विवाह वयात आल्यावर व वधूवरांच्या पसंतीनेच व्हावा, असे निःसंदिग्धपणे प्रतिपादीत होते. रूढीच्या समर्थकांनी रूढीच्या रक्षणासाठी ज्या दाव्याचा आश्रय घेतला तो दावा स्वतःच इंग्रजी धर्मपीठांतून आलेला होता, ही ह्या वादातील मोठी विसंगती होय.

दादाजींच्या अपिलाचा निर्णय मुख्य न्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट व न्यायमूर्ती बेली ह्यांच्या पीठाने १८ मार्च १८८६ रोजी दिला. हिंदू विधीप्रमाणे विवाह एकदा यथाविधी पार पडला की तो पूर्ण होतो. त्यास वधूची संमती किंवा प्रत्यक्ष सहवास आवश्यक नाही. आणि पत्नीस प्रथमच घरी आणावयाचे असो की सोडून गेलेल्या पत्नीस परत आणावयाचे असो, पतीचा हक्क सारखाच आहे, असे ह्या पीठाचे मत पडले. दावा गुणवत्तेवर चालविण्यासाठी खाली पाठविण्यात आला. फेरसुनावणीत न्यायमूर्ती फॅरन ह्यांनी ४ मार्च १८८७ रोजी दादाजींच्या बाजूने हुकूमनामा दिला. रखमाबाईंनी एका महिन्यात पतीच्या घरी जावे, असा तो आदेश होता. १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार असा हुकूमनामा बुद्ध्या न पाळणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा मालमत्तेची जप्ती ह्यांस तोंड द्यावे लागे. पतीकडे जाण्यापेक्षा आपण कायद्याने दिलेली शिक्षा पुरती भोगू, असे रखमाबाईंनी स्पष्ट सांगितले.

ह्याच हुकुमासाठी कैदेची शिक्षा इंग्लंडमध्ये १८८४ च्या कायद्याने रद्द झालेली होती. ज्या देशातून हा दावा भारतात आला त्या देशाने तीन वर्षांपूर्वी टाकून दिलेली शिक्षा मुंबईत एका बावीस वर्षांच्या तरुणीपुढे ठेवण्यात आली. त्यामुळे खटल्याचा गाजावाजा इंग्लंडमध्येही झाला. एप्रिल १८८७ मध्ये लंडनच्या द टाइम्सने रखमाबाईंचे एक पत्र छापले. माक्स म्यूलर ह्यांच्यासारख्या पंडितांनी त्यांची बाजू घेतली. मुंबईत त्यांच्या साहाय्यार्थ एक समिती स्थापन झाली. दादाजींनी आपली बाजू मांडणारे निवेदन प्रसिद्ध केले, तेव्हा त्यालाही रखमाबाईंनी मुद्देसूद जाहीर उत्तर दिले.

तडजोड : प्रकरण पुढच्या अपिलापर्यंत जाण्याची चिन्हे असता जुलै १८८८ मध्ये उभयपक्षी तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकूमनाम्याची अंमलबजावणी करण्याचा हक्क सोडला. १८८९ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला. रखमाबाईंना ती वाट मोकळी नव्हती. हिंदू विधीत त्या वेळी घटस्फोटाची तरतूद नसल्याने कायद्याच्या दृष्टीने त्या दादाजींच्या पत्नीच राहिल्या. म्हणजे खटल्याच्या शेवटी न्यायालयाने त्यांना मुक्त केले नाही. त्यांची सुटका झाली ती पैसे मोजून. ही रक्कम उभी करणे, वकील देणे आणि इंग्रजीतून वृत्तपत्रांत लिहिणे त्यांना शक्य होते. ज्यांना ह्यांपैकी काहीच शक्य नव्हते, अशा असंख्य स्त्रियांच्या वाट्याला आलेली सक्ती कोठल्याही विधि-अहवालात नोंदली गेलेली नाही.

उत्तरायुष्य : मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. ईडिथ पीची ह्यांच्या प्रोत्साहनाने रखमाबाई १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या व लंडनच्या स्त्रियांसाठी असलेल्या वैद्यकीय विद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. १८९४ मध्ये ब्रुसेल्सची एम्. डी. पदवी मिळवून त्या भारतात परतल्या. प्रत्यक्ष वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री डॉक्टरांत त्यांची गणना होते. सुरत व नंतर राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी सुमारे पस्तीस वर्षे सेवा केली. १९०४ मध्ये दादाजींचे निधन झाल्यावर त्या विधवेप्रमाणे पांढरी साडी नेसू लागल्या. निवृत्तीनंतर १९२९ मध्ये त्यांनी पडदापद्धती नष्ट करण्याची गरज प्रतिपादन करणारी पुस्तिका लिहिली. मुंबई येथे २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे मराठी चरित्र मोहिनी वर्दे ह्यांनी लिहिले असून २०१६ मध्ये अनंत महादेवन ह्यांनी त्यांच्या जीवनावर मराठी चित्रपट दिग्दर्शित केला.

विधिविषयक परिणाम : खटल्याने बालविवाह व संमती ह्यांवरील चर्चेस जोर आला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने पत्नीच्या बाबतीतही शरीरसंबंधास किमान दहा वर्षांचे वय ठरविले होते. त्यानंतर बंगालमधील फुलमणी ह्या सुमारे दहा-अकरा वर्षांच्या मुलीचा पतीच्या संबंधामुळे मृत्यू झाला आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने ही मर्यादा बारा वर्षांवर नेण्यात आली [→ संमतिवयाचा कायदा]. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक (सारडा) कायद्याने मुलीचे किमान विवाहवय चौदा व मुलाचे अठरा ठरविले. १९४९ मध्ये मुलीचे वय पंधरा व १९७८ मध्ये मुलीचे अठरा आणि मुलाचे एकवीस करण्यात आले. ह्या कायद्यांनी विवाह लावणाऱ्यांस शिक्षा सांगितली. परंतु लागलेला विवाह मात्र वैधच राहिला. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने प्रथमच, बालपणी विवाह झालेल्या व्यक्तीस सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत तो न्यायालयाकडून रद्द करून घेण्याचा हक्क दिला. बालकास पळवून, फसवून किंवा बळजबरीने लावलेला बालविवाह त्या कायद्याने मुळातच शून्य ठरतो.

सज्ञान स्त्रीवरील सक्तीचा विचार १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात आहे. बळजबरीने किंवा कपटाने मिळविलेल्या संमतीवर आधारलेला विवाह शून्यनीय असून तो रद्द करून मागता येतो. मात्र बळजबरी संपल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो आणि त्यानंतर स्वेच्छेने एकत्र राहिल्यास हा हक्क उरत नाही. घरच्यांच्या दडपणाखाली राहणाऱ्या स्त्रीस बळजबरी नेमकी कधी संपली हे सिद्ध करणे अवघड जाते, ही ह्या तरतुदीची व्यावहारिक मर्यादा होय. १९७६ च्या दुरुस्तीने, पंधरा वर्षांपूर्वी विवाह झालेल्या व पंधरा ते अठरा ह्या वयात तो नाकारलेल्या स्त्रीस घटस्फोटाचा स्वतंत्र आधार मिळाला. मुस्लिम विधीत असा नाकारण्याचा हक्क ‘खियार-उल-बुलूग’ ह्या नावाने पूर्वीपासून ज्ञात असून १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात त्यास स्थान देण्यात आले आहे.

रखमाबाईंविरुद्ध वापरला गेलेला दावा मात्र नाहीसा झाला नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने कैदेची शिक्षा द्यावी की नाही हे न्यायालयाच्या विवेकावर सोडले आणि १९२३ च्या दुरुस्तीने ती शिक्षा पूर्णतः काढून टाकली. तथापि हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात दांपत्य हक्कांच्या प्रत्यास्थापनाचा दावा कायम ठेवण्यात आला. इंग्लंडने तो १९७० च्या कायद्याने रद्द केला. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये हे कलम स्त्रीच्या खाजगी जीवनावर व शरीरावर आक्रमण करणारे म्हणून घटनाबाह्य ठरविले. पण नंतर दिल्ली उच्च न्यायालयाने उलट मत दिले व सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये हे कलम वैध असल्याचा निर्वाळा दिला. २०१९ मध्ये ह्या तरतुदीस आव्हान देणारी नवी याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली.

अलीकडील स्थिती : मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातील (१९४८) सोळाव्या अनुच्छेदाने विवाहास वधूवरांची मुक्त व पूर्ण संमती आवश्यक मानली. स्त्रियांविरुद्धचे भेदभाव नष्ट करण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार (१९७९) भारताने १९९३ मध्ये मान्य केला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ व २०१८ मधील निर्णयांत, सज्ञान व्यक्तीस आपला जोडीदार निवडण्याचा हक्क असून कुटुंब, जात किंवा खाप पंचायत ह्यांना त्यात हस्तक्षेप करता येणार नाही, असे स्पष्ट केले. विवाहाची सक्ती करण्यासाठी स्त्रीस पळवून नेणे हा दंडनीय अपराध आहे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा जातपंचायतींच्या दडपणाविरुद्ध उपयोगी पडू शकतो.

असे असले, तरी कायदा व वस्तुस्थिती ह्यांत अंतर आहे. २०१९–२१ मधील राष्ट्रीय कुटुंब स्वास्थ्य पाहणीनुसार २० ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी भारतात २३·३ टक्के व महाराष्ट्रात २१·९ टक्के स्त्रियांचे विवाह अठरा वर्षांपूर्वी झालेले होते. जगभरात २०२१ मध्ये सुमारे २ कोटी २० लाख व्यक्ती सक्तीच्या विवाहात अडकलेल्या होत्या, असा आंतरराष्ट्रीय मजूर संघटना व सहयोगी संस्थांचा अंदाज असून त्यांत दोन-तृतीयांशांहून अधिक स्त्रिया व मुली आहेत. स्वतःच्या निवडीने विवाह करू पाहणाऱ्यांना १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवस आधी जाहीर नोटीस द्यावी लागते. ह्या मुदतीत घरच्यांना सुगावा लागून मुलीवर पहारा बसतो, अशी तक्रार वारंवार केली जाते.

रखमाबाईंच्या काळी न्यायालयापुढचा प्रश्न पतीच्या हक्काचा होता. पत्नीच्या इच्छेस त्यात जागा नव्हती. आज कायद्याने ही इच्छा मान्य केली आहे. परंतु ती व्यक्त करण्यासाठी लागणारे शिक्षण, स्वतःचे उत्पन्न आणि घराबाहेर कोठेतरी आसरा ह्या गोष्टी ज्या मुलीपाशी नसतात, तिला कायद्याने दिलेला नकार उच्चारता येत नाही. रखमाबाईंच्या नकारामागे आईने नावावर करून दिलेली मालमत्ता, सावत्र वडिलांचा आधार आणि घरी बसून मिळविलेले ज्ञान उभे होते. ह्या तीन गोष्टींमुळेच तो नकार टिकला.